जिन्यातली दोन बटणं

आपण जिना हळू चढलो की त्याच संध्याकाळी केतकीचा काळजीचा फोन कसा येतो, हे कुमुदिनी रिसबूड यांना कळेना.

मिरजेतल्या त्यांच्या घराचा जिना दोन भिंतींच्या मधला, बिनखिडकीचा. भर दुपारीही दिवा लावूनच चढावं लागे. खालच्या बटणानं लावायचा, वर गेल्यावर वरच्या बटणानं विझवायचा. वरच्या खोलीत त्यांचा जुने रेडिओ दुरुस्त करायचा पसारा होता. शाळेत पस्तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी हा नाद लावून घेतला होता.

गेल्या वर्षी लेकीनं, केतकीनं, बंगळूरहून सूत्रं हलवून घरभर हुशार रिले बसवून घेतले. काडेपेटीएवढी डबी, बटणामागे भिंतीत दडलेली, इंटरनेटला जोडलेली. दिवा विसरला तर आपोआप विझे. सोय चांगली होती. पण पाय जड वाटला, की "आई, आज दमलीस का गं?" हा प्रश्न ठरलेला. बाईंनी वहीत तारखा टिपायला सुरुवात केली. सहाव्या तारखेनंतर त्यांनी दस्तगीर मुजावरला बोलावलं. तो त्यांचा जुना विद्यार्थी, आता पन्नाशीचा वायरमन. रिले त्यानंच बसवले होते.

"कॅमेरा आहे का रे यात?"

"छे, बाई." दस्तगीरनं मेन बंद करून खालचा बोर्ड उघडला. "हे बघा. आधी या दोन बटणांच्या मधल्या तारांतूनच दिव्याचा करंट जायचा. कुठलं बटण दाबलं, याचा कुणाला पत्ता नसायचा. आता बटणं रिलेला नुसती खूण करतात, दिवा रिले लावतो. खालच्याची तार या खाचेत, वरच्याची त्या."

"म्हणजे कुठलं बटण कधी दाबलं, हे त्याला कळतं."

"कळायलाच पाहिजे."

"आणि दोन्हींच्या मधे किती सेकंद गेले, तेही." बाई डबीकडे पाहत राहिल्या. "बोर्ड लाव. आपण प्रयोग करू."

त्या दिवशी बाई खालीच थांबल्या. त्यांनी दहा वेळा खालचं बटण दाबलं आणि दहाही वेळा दस्तगीरनं दोन-दोन पायऱ्या गाळत वर धावून वरचं बटण दाबलं.

संध्याकाळी फोन आला. केतकीचा आवाज खुलला होता. "आई, आज मस्त वाटतंय ना तुला?"

"आज मी जिना चढलेच नाही, केतकी. दस्तगीर चढत होता."

पलीकडून रडण्याचा आवाज आला.

हळूहळू सगळं बाहेर आलं. रिलेच्या कंपनीची एक जोडसेवा होती, 'चालवेध' नावाची. खालून वर जायला लागणारा वेळ ती मोजत असे. बटणावर बोट थरथरलं तर आतला संपर्क क्षणात दोन-तीनदा जुळतो आणि तुटतो. तेही ती नोंदवत असे. चार महिन्यांपूर्वी केतकीला सूचना आली होती : कंपवाताची शक्यता, डॉक्टरांना दाखवा.

"चार महिने?" बाईंचा आवाज चढला. "माझं शरीर, माझा जिना, आणि बातमी तुला?"

"तू घाबरशील असं वाटलं. आधी खात्री करावी म्हटलं. मग रोज उद्यावर ढकलत गेले."

बाईंनी फोन ठेवला. चहा गाळताना त्यांनी आपला उजवा हात प्रथमच परक्यासारखा न्याहाळला. हल्ली रेडिओतले सोल्डरचे डाग ओबडधोबड पडत होते. बाई दोष चष्म्याला देत होत्या.

डॉक्टरांनी शंका खरी ठरवली. सुरुवातच होती. "व्यायाम चार महिने आधी सुरू झाला असता तर बरं होतं," ते म्हणाले. "पण ती मोजणी बंद करू नका. औषध लागू पडतंय का, हे मला त्यावरून कळेल."

दस्तगीर पक्कड घेऊनच आला होता. "काढून टाकतो, बाई. जुन्या तारा आहेत तशाच आत. साठेक घरांत हे बसवलंय मी. पहिलं तुमचं काढतो."

"काढू नकोस. फक्त खात्यावरचं नाव बदल. अहवाल माझ्या फोनवर येऊ दे, दुसऱ्या कुणाच्या नाही. आणि त्या साठ घरांत जाऊन सांग."

"काय सांगू? माझ्यावरच उखडतील."

"उखडू देत. जिना चढणाऱ्याला कळलं पाहिजे."

कंपनीनं खळखळ केली. खातं केतकीचं, संमती तिची. शेवटी केतकीनंच सही करून खातं आईच्या नावावर केलं आणि स्वतःचं नाव काढून घेतलं.

त्यानंतर तीन आठवडे अहवाल बाईंनाच येत होते. सोळा सेकंद. पंधरा. पुन्हा सोळा. औषधाचा गुण येत होता. मग एका मंगळवारी आकडा आला : एकवीस. बुधवारी बावीस. खाली लाल अक्षरांत, 'डॉक्टरांना कळवा.' त्यांनी दवाखान्यात फोन करून शुक्रवारची वेळ घेतली.

तेवढ्यात केतकीचा फोन आला.

"आई, कशी आहेस?"

आता केतकीला उत्तर आधीच ठाऊक नसे. आवाजात तिकडच्या नातीचा गोंधळ मिसळला होता. उद्या तिची परीक्षा होती. खरं सांगितलं तर केतकी आज रात्रीच गाडीत बसेल. शुक्रवारनंतर सांगितलं तर काय बिघडणार आहे? आधी खात्री करावी...

बाई दचकल्या. हे शब्द त्यांनी ऐकलेले होते.

"आई? ऐकतेयस ना?"

आता काय सांगायचं?