कणकण

आरशावरचा दिवा हिरवा झाला, तरी नऊ वर्षांची शर्वाणी बूट मांडीवर घेऊन दाराशी बसून राहिली.

हा आरसा म्हणजे श्वासदर्शक; तो आता मिरजेत घरोघरी होता. त्यावर फुंकर घातली की तो ताप मोजायचा, श्वासातले ओळखीचे विषाणू हुडकायचा आणि नाकात फवारा मारून त्यांना तिथंच गारद करायचा. शर्वाणीच्या पिढीनं इन्फ्लुएंझा, म्हणजे फ्लू, पाहिलाच नव्हता.

हाडांत कुणीतरी मीठ दळतंय, अशी तिची तक्रार. गणिताची चाचणी असली की हाडं दुखतातच, असं तिच्या आईचं, केतकीचं, उत्तर.

पण आजोबा चहा ठेवून जवळ आले. जन्मभर शाळेत शिकवलेला माणूस. शर्वाणीचं कपाळ गार होतं. वारं लागलं की शहारतंय का, डोळे फिरवले की दुखतात का, त्यांनी विचारलं. दोन्हीला होकार. काल संध्याकाळी तर पोरगी मैदान गाजवून आली होती.

"केतकी, हिला कणकण आहे," ते म्हणाले. "सर्दी नाकातून हळूहळू येते. फ्लू असा दाणकन आदळतो. ताप आणि कोरडा खोकला मागून येतील."

"कण कण?" शर्वाणीनं विचारलं. "म्हणजे तुकडे तुकडे?"

"तसंच वाटतंय ना?"

"अगदी तसंच."

केतकीनं आरशाला तोच शब्द सांगितला. हवेतले धूलिकण प्रमाणात आहेत, खिडकी उघडायला हरकत नाही, असं त्यानं शांतपणे कळवलं.

केतकी हसली आणि हसता हसता थांबली. आरशाला अनोळखी असा फ्लू असेल, तर तो वर्गात पसरायला एक खोकला पुरे. त्या मुलांच्या शरीरांची फ्लूशी तोंडओळखही नव्हती. तिनं दप्तर आत ठेवलं आणि आरोग्य केंद्राला फोन लावला.

आजोबांनी पेज टाकली. त्यांना लहानपणचा ताप आठवला: नीलगिरीचा वास, कपाळावरची ओली घडी, मेतकूट घातलेला मऊ भात, सगळं घर उशाशी आलेलं. त्याच सुमारास तापानं शेजारचा दिनू गेला, हेही आठवलं.

दुपारी ताप चढला. पाठोपाठ केंद्रातल्या डॉक्टरांचा फोन आला. आरसे सगळीकडे हिरवेच होते, पण डॉक्टरांनी मुलांना विचारून पाहिलं होतं. वर्गात एकाचे केस दुखत होते, एकीचे पाय 'परके' झाले होते. तपासणीत फ्लूचा विषाणू नवाच निघाला. शाळा बंद केली होती, औषध घरोघरी यायला निघालं होतं.

पेजेचा घोट गिळून शर्वाणी म्हणाली, "आजोबा, आम्हाला लागणार नाहीत म्हणून तुम्ही न सांगितलेले असे अजून किती शब्द आहेत?"