निळ्या छपराची भोकं

“तृप्ती, उतर ना खाली! माझ्या खोलीले नजर लावशील!”

अंगणातून नेहा ओरडली आणि खळखळून हसली. बदामाच्या झाडावर बसलेल्या तृप्तीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आजूबाजूच्या सगळ्या कवेलूंच्या, म्हणजे कौलारू घरांमध्ये नेहाच्या बाबांचं, हेमराजकाकांचं, नवं निळं पत्र्याचं छप्पर उन्हात चमचम करत होतं. त्याच्याखालची खोली नेहाची. एकटीची! पंखा कुठे, आरसा कुठे, पलंग कुठे, सगळं ठरलंसुद्धा. आणि शेजारीच राहणारी तृप्ती? ती धाकट्या भावासोबत, वैभवसोबत, कांद्याच्या पोत्यांना खेटून झोपायची. सुट्टी लागल्यापासून नेहा दुसरं काही बोलतच नव्हती. तृप्तीचा नुसता जळफळाट व्हायचा.

पाहू नये म्हटलं, तरी डोळे तिकडेच जात. म्हणूनच तिला ते दिसलं.

पत्र्यावरचा माणूस मशीननं भराभर स्क्रू मारत होता; पण पन्हाळीत, जिथून पाणी वाहणार तिथेच! आणि स्क्रूखाली घालायच्या काळ्या रबराच्या चकत्यांचं भरलेलं पाकीट शालिकराम ठेकेदारानं गुपचूप आपल्या गाडीच्या डिक्कीत टाकलं.

“हाणा लवकर!” तो खालून ओरडला. “वर चढून कोण पाह्यते?”

तृप्ती सरसर उतरली आणि घरच्या गोठ्याकडे धावली. गोठ्यावरचा पत्रा कित्येक पावसाळ्यांत गळला नव्हता. तिनं कडब्यावर चढून नीट पाहिलं. प्रत्येक स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर, प्रत्येकाखाली रबर, आणि एक पत्रा दुसऱ्यावर चांगला दोन पन्हाळ्या चढवलेला. नव्या छपरावर मात्र पत्र्याला पत्रा जेमतेम टेकवला होता.

ती तशीच काकांकडे गेली. “काका, तुमचं छप्पर गळन! पाणी सरीतून वाहते, वरंब्यावरून नाही. मग भोक सरीत काहून पाडून राहिले हे?”

काका काही बोलण्याआधीच शालिकराम खो खो हसला. “हेमराजभाऊ, पोरीले निळं छप्पर पाहवून नाही राहिलं!”

काका हसले. नेहा हसली. तृप्तीच्या आईनं तर डोळेच वटारले. “घरी चाल! मोठ्या माणसाच्या कामात खोड काढते?”

तृप्तीचे कान लाल झाले. सगळ्यात जास्त झोंबलं ते हे, की शालिकरामचं म्हणणं खोटं नव्हतं.

“गळू दे!” पायरीवर बसून ती वैभवला म्हणाली. “तिचा पलंग ओला होऊ दे! आरशावरून पाणी वाहू दे!” बोलताना तिला फार गोड वाटलं.

“पण ताई,” वैभव म्हणाला, “उद्या खालून प्लास्टिकचं सिलिंग लागणार आहे. मग गळलं तरी कोणाले दिसन? अन् पंख्याची वायर तर सिलिंगच्या वरूनच जाते!”

ओल्या वायरीखाली, पंख्याचं बटन दाबणारी नेहा तिच्या डोळ्यांपुढे आली. मघाचा गोडवा कुठल्या कुठे पळाला.

ती उठली आणि थेट नेहासमोर जाऊन उभी राहिली.

“पुन्हा आली? जळून राहिली तू!”

“हो, जळून राहिली! लय जळून राहिली!” तृप्ती ओरडली. “पण ती भोकं मी नाही पाडली! चाल, दाखवते!”

तिनं नेहाला ओढत नव्या खोलीत नेलं आणि दार-खिडकी गच्च लावून घेतली. अंधार झाला. बाहेर दुपारचं ऊन रणरणत होतं, आणि वर? वर ठिकठिकाणी स्क्रूभोवती उजेडाचे ठिपके लुकलुकत होते! दोन पत्र्यांच्या जोडावर तर उजेडाची रेघच होती.

“माय वो!” नेहाचा आवाज बारीक झाला. “आता बाबाले सांगू?”

“मी सांगितलं ना! ऐकलं कोणी?”

नेहानं क्षणभर विचार केला. मग तिचे डोळे चमकले. “मग ठेकेदारालेच बसवू इथं!”

संध्याकाळी काम दाखवायला शालिकराम आला. नेहानं खोलीच्या मधोमध खुर्ची मांडली, त्याला बसवून हातात चहाचा कप दिला आणि काकांनाही बोलावून आणलं.

“ठेकेदारकाका, पावसात भीती नाही ना?” तिनं भोळेपणानं विचारलं.

“भीती?” शालिकरामनं मांडीवर थाप मारली. “पन्नास वर्षांत एक थेंब आला, तर नाव बदलीन!”

नेहानं हळूच खिडकीतून रुमाल हलवला. अंगणात तृप्तीनं मोटर चालू केली. बदामाच्या झाडावर पाइप घेऊन बसलेल्या वैभवनं पाण्याची धार छपरावर सोडली. धडधडधड!

टप्! थेंब कपात पडला.

टप्, टप्! दोन शालिकरामच्या टकलावर.

“ते... पत्र्याले घाम येते कधी कधी,” शालिकराम चाचरला.

“घाम?” काका कडाडले. पत्र्यांच्या जोडातून आता धारच लागली होती. ठेकेदार खुर्ची सरकवत कोपऱ्यात गेला, तर तिथेही गळती!

“नाव काय ठेवता मग?” दारातून तृप्तीनं विचारलं.

काकांनी त्याला जाऊच दिलं नाही. तृप्तीनं सांगितल्यावर डिक्कीतलं पाकीट बाहेर आलं. भोकं पडलेले पत्रे उतरले आणि शालिकरामला स्वतःच्या खर्चानं नवे आणावे लागले. या वेळी स्क्रू उंचवट्यावर, खाली रबर, पत्र्यावर पत्रा दोन पन्हाळ्या! काका स्वतः शिडीवर उभे राहून पाहत होते.

मग वैभवनं झाडावरून पुन्हा पाइप सोडला. खोलीत एक थेंब नाही!

“शाबास नेहा! काय डोकं चालवलं!” काका सगळ्यांसमोर म्हणाले. तृप्तीचा पुन्हा तसाच जळफळाट झाला.

“बाबा, डोकं नंतर चाललं,” नेहा म्हणाली. “पहिले तृप्तीनं पाहिलं. आपण सगळे हसलो तिले.”

काका पुढे आले. मग त्यांनी तृप्तीच्या डोक्यावर हात ठेवला. “चुकलो, पोरी. तू खरं बोलून राहिली होती, अन् मी ठेकेदाराचं ऐकलं. या घरावर उपकार केले तू!”

आईनं तिला जवळ ओढलं.

थोड्या वेळानं दोघी कोरड्या, निळ्या छपराखाली उभ्या राहिल्या.

“आता तरी जळणं थांबलं का वं?” नेहानं विचारलं.

तृप्तीनं वर पाहिलं, चारी भिंती पाहिल्या, आरशाची जागा पाहिली.

“नाही,” ती म्हणाली. “अजून थोडं आहे.”

आणि दोघी इतक्या मोठ्यानं हसल्या, की वैभव झाडावरून पाइप घेऊन पडता पडता वाचला!