पूल आलाच नाही

फोन्तेलोच्या धर्मशाळेत मी बावीस वर्षं यात्रेकरूंचे पाय धुतेय. ते ज्या तीर्थाला निघालेले असतात, ते सांतियागो इथून पायी सहा दिवसांवर. माणूस किती चालून आलाय, ते मला त्याच्या तळव्यांवरून कळतं.

नोव्हेंबरातली दुपार होती. चुलीवर कोबी-बटाट्याचं सूप रटरटत होतं. माझा धाकटा भाऊ देल्मिरो चेस्टनट सोलत बसला होता. बाहेर धुकं इतकं दाट, की चर्चची घंटा कुठून वाजतेय तेही उमगेना. तेवढ्यात दारावर थाप पडली.

पन्नाशीचा एक उंच माणूस आत आला. अंगाला ओल्या लोकरीचा वास, आणि त्याखाली दुसरा एक... वर्षानुवर्षं न उपसलेल्या विहिरीसारखा.

मी मिठाचं कोमट पाणी आणलं, त्याचे बूट काढले. तळ पार झिजून गेलेले. पण पाय? तान्ह्या बाळाचे असावेत तसे. एक फोड नाही, एक घट्टा नाही.

"कुठून चालत आलात?" मी विचारलं.

"फ्रान्समधून."

"निघालात कधी?"

तो बोटांवर मोजायला लागला, मग त्यानं नाद सोडला. "सांतियागो किती लांब आहे, बाई?"

"सहा दिवस."

तो थकल्यासारखा हसला. "सगळीकडे सहाच सांगतात."

देल्मिरोला गंमत वाटली. "अहो, मग तुम्ही गोल गोल फिरताय! चला, पुलापर्यंत सोडतो. पुढे वाट चुकणारच नाही."

मी त्याची बाही धरली. "जाऊ नकोस रे. सूप तरी पी."

"पाच मिनिटांवर तर पूल आहे, ताई. तू वाढायला घे, आलोच."

दोघं धुक्यात शिरले. मी दारात कान देऊन उभी राहिले. पावलं ऐकू येत होती... पण एकाच माणसाची.

मी आत येऊन सूप वाढलं. वाडग्यातून वाफ निघत होती, तेवढ्यात दार उघडलं.

देल्मिरो होता. दाढी छातीपर्यंत, गाल आत गेलेले. त्यानं दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला, माझ्या काळ्या केसांवरून हात फिरवला.

"आहेस... तू अजून आहेस, ताई..."

"काय झालं? तो कुठंय?"

"तो झोपला, तेव्हा पळालो..." तो खाली बसला. "पूल आलाच नाही, ताई."

मी त्याचे पाय पाण्यात घेतले, आणि हात तिथेच थांबले. एवढे जाड घट्टे मी हजार मैल चाललेल्यांच्याच पायांना पाहिलेत.

तीन दिवस तो झोपून होता. पुढे बरा झाला, हसायला-बोलायलाही लागला. पण त्या वाटेबद्दल विचारलं, की उठून जातो. मला राहवत नाही, मी विचारतेच.

मार्चमध्ये फ्रान्सच्या डोंगरातल्या एका मठातून माझ्या नावानं पत्र आलं. तिथल्या नन्सनी लिहिलं होतं: 'देल्मिरोचा ताप उतरायला सगळा हिवाळा गेला. तुम्ही दोघं सुखरूप घरी पोचलात ना?'

सोबत एक फोटो होता. बर्फात, मठाच्या दारात देल्मिरो उभा आहे, आणि त्याचा दंड धरून शेजारी मी.

फ्रान्समध्ये मी कधी पाऊल ठेवलेलं नाही. उजेडात नेऊन कितीदा पाहिला तो फोटो. मीच आहे, शंकाच नाही.

फक्त त्यात माझे केस पांढरेशुभ्र आहेत.