गिट्टीतली हराळी

भैरवी गुडघ्यांवर बसून गिट्टीत हराळीच्या काड्या खोवत होती, तेव्हा मागून आवाज आला.

"ओ मॅडम, गाडीच्या रस्त्यावर गवत काहून लावून राहिल्या?"

तिने वळून पाहिलं. भुरभुर पावसात भिजत एक तरुण उभा होता. डोळे लाल... रागाने की जागरणाने, कळेना.

"गाडीसाठीच लावतेय," ती हसली. "खाली जाळी आहे, मधमाशांच्या पोळ्यासारखी. तिच्यात गिट्टी भरलीय. पाणी मुरतं, चिखल होत नाही. आगीचा बंबसुद्धा उभा राहील."

"अन् फसला तर?"

"तर मी ढकलीन!"

तो हसला नाही. "मागच्या साली अँब्युलन्स फसली होती इथं. तिच्यात माझी आई होती."

एवढं बोलून तो निघून गेला.

वॉचमन अंकुशने नंतर सांगितलं. तो चेतन, तिसऱ्या मजल्यावरचा. मूळचा उमरेडचा, मौद्याच्या वीज केंद्रात नोकरीला. त्याच्या आईच्या, रुख्माबाईंच्या, छातीत कळ आली, इमारतीमागच्या काळ्या मातीत चाकं रुतली, आणि गाडी निघेपर्यंत सारं संपलं होतं. त्यानंतरच सोसायटीने नागपुरातच सदर भागात असलेल्या भैरवीच्या लँडस्केप डिझाइनच्या ऑफिसला हे काम दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती माफी मागायला गेली, तर तो गिट्टीवर टाच दाबून पाहत होता.

"दबत नाही," तो पुटपुटला. "अन् कडेले काय लावलं?"

"वाळा. मुळं खोल जातात, माती धरून ठेवतात."

"आई कूलरच्या टट्ट्यांत वाळाच भरे. सारं घर घमघमे..." तो थांबला. मग म्हणाला, "पाणी मी घालत जाईन."

पुढे पावसाने दडी मारली. ड्यूटीवरून आला की तो पाइप घेऊन हजर. भैरवीलाही मग रोज संध्याकाळी काही ना काही बघायचं असायचंच.

"जास्त घालताय पाणी."

"मंग शिकवा ना तुमी."

"शिकवलं की मला बोलवायचं बंद कराल!"

त्याने तिच्याकडे पाहिलं — जरा जास्तच वेळ. आणि एकदम नळ बंद करून वर निघून गेला.

भाद्रपदात झड लागली. त्यातच एका दुपारी पहिल्या मजल्यावरचे कृष्णकांत काका कोसळले. अँब्युलन्स मागच्या बाजूने आत आली. चेतन तिच्यापुढे धावत होता, चाकांकडे बघत. गिट्टी करकरली. हराळी दबली. चाकं रुतली नाहीत.

संध्याकाळी काका शुद्धीवर आल्याचा फोन आला. सगळे भैरवीचं कौतुक करत होते. चेतन तेवढा दिसेना. तो जिन्यात बसला होता.

"काका वाचले," ती म्हणाली.

"हो. चांगलं झालं." त्याचा आवाज फाटला. "आनंद झाला मॅडम... अन् रागही आला. माझ्या आईच्या वेळेस काहून नव्हतं हे?"

ती शेजारी बसली, त्याच्या हातावर हात ठेवला. त्याने तो काढून घेतला नाही.

"मौद्याले क्वार्टर भेटलं. सोमवारी चाललो."

"माझ्यामुळे...?"

"तुमच्यामुळंच तर थांबलो इतके दिवस. आवडता तुमी मले. पण इथं जरा हसलो का आईची गाडी दिसते. लाज वाटते मंग."

भैरवीचे डोळे भरून आले. "आणि मी तिकडे आले तर?"

त्याने हात उलटा करून तिचा हात धरला.

"येजो वं, भैरवी," तो म्हणाला. पहिल्यांदाच नावाने, पहिल्यांदाच एकेरीत.