मागच्या सीटवर कोण होतं

तुम्ही विश्वास ठेवणार नाही, हे मला लिहायच्या आधीच ठाऊक आहे. माझ्या घरचे ठेवत नाहीत, तर तुम्ही कोण?

तरी हे शंभर टक्के खरं आहे. मंगळवार, दुपारचे दोन, रायपूरजवळचं सिलतरा. भर उन्हात घडलं, म्हणून तर माझं डोकं जास्त फिरलं. भुतानेसुद्धा काही वेळ पाळावी.

गाडी माझीच. जुनी, पण विलायती, डोंगर चढणारी. माझ्या मित्राने, अच्युतने, गळ्यात मारली. उंच बसतो, खड्डा कळत नाही, सदर बाजारात स्कूटरवाले आपोआप बाजूला होतात. एवढंच सुख. चाकांवर स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे आहेत मेले. एक फुटला की गाडी म्हशीसारखी एका अंगावर बसते, आणि नवा महिनाभर मिळत नाही.

बुधवारी नातीची, गंधालीची, पाठवणी होती. याच गाडीतून. चालवणार मी. तिची एकच अट होती, गाडी रस्त्याखाली उतरवली तर चालवायला दुसरा माणूस. मी देवापुढे शपथ घेतली होती.

म्हणून सांगतो, उतरवली ती मी नाही.

सिलतऱ्याच्या मागच्या रस्त्याला लागलो. गाडीत मी एकटा.

आणि मागून आवाज आला...

टिंग... टिंग... टिंग...

पट्टा न लावता कोणी बसलं की वाजतो, तो.

आरशात पाहिलं. मागची सीट रिकामी.

पण गादी... दबलेली. हळूहळू आणखी दबत होती.

गाडी मागून खाली बसली. माझं टाळकं सरकलं. भूत झाला म्हणून काय झालं, दुसऱ्याच्या गाडीत बसताना विचारायला नको?

"काहून बे, पट्टा लाव नाहीतर उतर."

टिंग थांबलं.

पट्टा ओढल्यासारखं वाजलं... खट्.

मग स्टिअरिंग आपोआप फिरलं. रस्ता सोडून, बाभळींतून, गाडी थेट तळ्याच्या गाळात. अजून तिथेच आहे.

घरी आल्याबरोबर मी हे असंच सगळ्यांना सांगितलं. पाय गाळाने भरलेले, आत कोणी येऊ देईना. अंगणात मऊ काही दिसलं, त्यावर बसून सांगितलं. प्रमोदिनीने, माझ्या बायकोने, पदर तोंडाला लावला. नातू भार्गव खाली मान घालून बसला. मला वाटलं, घाबरला. मी आणखी तापलो. अच्युतला शिव्या घातल्या, भुताला घातल्या. म्हटलं, यात माझा काय दोष? गंधाली, उद्या तुले मीच सोडून देतो, दुसरी गाडी आणून.

गंधाली समोर येऊन उभी राहिली. किल्लीसाठी हात पुढे केला.

"आजोबा, मागची सीट तर मी न् भार्गवनं सकाळीच काढून ठेवली होती. गोल बाजारातून भांडी आणायची होती ना. बघा बरं, तुम्ही बसले कशावर आहात."