मालकाची हमी

मुलाच्या होणाऱ्या सासरची माणसं मिरज स्टेशनवर उतरायची होती. त्यांना रिक्षातून घरी आणणं प्रल्हाद नलवड्यांना कमीपणाचं वाटलं, म्हणून ते सकाळीच इस्माईल मुजावरकडे गाडी मागायला गेले. इस्माईल त्यांचा चाळीस वर्षांचा मित्र. गावोगाव फिरून शेतीपंप दुरुस्त करायचा, त्यासाठीच ही गाडी घेतलेली.

प्रल्हादनी स्टीअरिंगवर हात ठेवले. स्टीअरिंगच्या कड्याने तळव्यातल्या शिरांची नक्षी वाचली. विमा आता गाडीचा उरला नव्हता. तो चालकाच्या नावावर असे आणि त्याच्या हातावरून ओळखला जाई. लोक त्याला हातविमाच म्हणत.

“हातविमा आढळला नाही,” गाडी म्हणाली. “चालकाकडे वैध विमा असल्याची हमी मालक देतात का?”

नूतनीकरणाची नोंद व्हायला कधी कधी दोन-तीन दिवस लागत. तेवढ्यासाठी कायद्याने ही सोय ठेवली होती.

इस्माईल खिडकीशी वाकला. “भरलायस न्हवं?”

“परवाच. नोंद व्हायची राहिली असेल.”

“हमी देतो,” इस्माईल म्हणाला, आणि गाडी सुरू झाली.

परवा प्रल्हाद गेले होते खरे, पण प्रतिक्रिया-चाचणीत नापास होऊन परतले होते. समोर लाल दिवा लागल्यावर त्यांचा पाय ब्रेकवर अर्धा सेकंद उशिरा पडत होता. विमा कंपनीने नकार दिला. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. उभा जन्म गाडी चालवली, आता यंत्र मला शिकवणार, असं ते स्वतःशीच चरफडत राहिले.

स्टेशनच्या अलीकडच्या वळणावर एक सायकल आडवी आली. ती त्यांना स्पष्ट दिसली. पाय मात्र उशिरा पडला.

सायकलवर रोहिणी कांबळे होती. सतारीच्या कारखान्यात तारा चढवायची. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. प्रल्हादच तिला दवाखान्यात घेऊन गेले. इस्माईल धावत आला, तेव्हा बाकावर बसून त्यांनी त्याला सगळं सांगून टाकलं.

इस्माईल म्हणाला, “आधी बोलला असतास तर मीच आलो असतो की चालवायला.”

तो भांडला असता तर बरं झालं असतं, असं प्रल्हादना पुढे रोज वाटत राहिलं.

तीन आठवड्यांनी सुनावणी झाली. अधिकारी तांबवेकर मॅडमनी कायदा सांगितला. “मालकाला फसवलं असेल तर मालक सुटतो, चालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद. मालकाला माहीत असेल तर कुणालाच कैद नाही, पण दोघांचेही परवाने दोन वर्षं रद्द. मुजावर, तुम्हाला माहीत होतं?”

“व्हय मॅडम. माहीत होतं.”

परवाना गेला की इस्माईलचा धंदाच बसणार होता. तो प्रल्हादांकडे बघत नव्हता.

प्रल्हाद उभे राहिले. “मॅडम, हा खोटं बोलतोय. माझ्यासाठी. मी त्याला फसवलं.”

“खाली बस,” इस्माईल पुटपुटला.

मॅडमनी लिहिणं थांबवलं. “नलवडे, हे नोंदवलं तर तुम्ही तुरुंगात जाल, आणि खोट्या साक्षीबद्दल हेही अडकतील. विचार करून बोला.”

“केला. नोंदवा.”

“थांबा जरा,” मागून कुणीतरी म्हणालं. रोहिणी आईला धरून उठली होती. प्लॅस्टरबाहेर आलेली तिची बोटं सुजलेली होती.

“मघापासून तुम्ही दोघं एकमेकांना वाचवताय,” ती प्रल्हादना म्हणाली. “तुम्ही आत जा नाहीतर बाहेर रहा. माझी बोटं परत तारेवर चालली नाहीत, तर मी काय करू, काका?”