रिकाम्या पट्ट्या

जास्त हात लागले की काम लवकर उरकतं, हे कोणीही सांगेल. मग आमच्या बंदरावरच्या वादळकेंद्रातला महासंगणक नवे प्रोसेसर (आकडेमोड करणारे भाग) जोडल्यावर आणखीच का रेंगाळायला लागला? मला तर त्याचा भयंकर राग आला होता. माझे बाबा बोट घेऊन खोल समुद्रात होते आणि वादळ कुठे वळणार हे कळल्याशिवाय त्यांना कुठल्या बंदराकडे पाठवायचं, ते ठरत नव्हतं.

माझे आजोबा या केंद्रातले शास्त्रज्ञ. त्यांनी पडद्यावर ‘मागोवा’ उघडला. कुठला प्रोसेसर कधी काय करतोय, ते हा प्रोग्रॅम चित्रात दाखवतो.

“विकत आणलात?”

“विकत कसला! जगभरची माणसं मिळून लिहितात हा. कोड सगळ्यांना खुला. अडेल ते दुरुस्त करायचं आणि सगळ्यांना परत द्यायचं. नुसतं फुकट वापरून गप्प बसायचं नाही.”

प्रत्येक प्रोसेसरची एक पट्टी होती. हिरवं म्हणजे आकडेमोड.

“आणि हे मधलं पांढरं?”

“तिथे काम नाही.”

“मग काय, झोपा काढतायत?”

आजोबा एकदम पडद्याजवळ वाकले. मागोवा फक्त काम टिपत होता, थांबणं टिपतच नव्हता. त्यांनी मागोवाच्या मंडळींना विचारलं. नैरोबीहून वांजिरूताईंचं उत्तर आलं. नदीच्या पुराचा अंदाज बांधताना त्यांनाही हेच अडलं होतं, म्हणून थांबणं टिपणारा भाग त्यांनी लिहायला घेतला होता. तो अर्धवट होता. उरलेला आजोबांनी लिहिला.

पांढरं सगळं लाल झालं, म्हणजे थांबलेलं. प्रत्येक जण आपलं उत्तर एकाच प्रोसेसरला सांगायला थांबला होता.

“केतकी, पंगत वाढवली आणि वाढपी एकच ठेवला तर?”

“सगळे पानावर ताटकळणार!”

आजोबांनी प्रोसेसरना आपापल्या शेजाऱ्याशीच बोलायला लावलं. अंदाज झटपट हाती आला. वादळ उत्तरेला वळणार होतं.

“दक्षिणेला निघालो गं,” वायरलेसवर बाबा म्हणाले. मला रडूच आलं.

आजोबा मात्र पुन्हा संगणकापाशी बसले.

“आता कशाला? बाबा सुटले ना!”

“आपले सुटले. दुरुस्ती परत कोण देणार?”

मला स्वतःचीच लाज वाटली. पाठवायचं बटण मीच दाबलं.

दोन दिवसांनी वांजिरूताईंचा निरोप आला. पूर्ण झालेल्या मागोवाने त्यांचंही काम कुठे अडत होतं ते दाखवलं होतं. त्यांच्याकडे पुराचा अंदाज पहिल्यांदाच पाण्याच्या आधी पोचला होता.